वाकडचा फ्लॅट आणि ब्रॅम्प्टनचे चार महिने

प्रश्न थोडक्यात असा. वय ३८, चाकणच्या वाहन-सुट्या भागांच्या कंपनीत क्वालिटीमध्ये १४ वर्षं. जानेवारी २०२५ मध्ये पीआरवर (कायम निवासाच्या परवान्यावर) पत्नी आणि सहा वर्षांच्या मुलीसह कॅनडात, ब्रॅम्प्टनला. येताना ५७ हजार कॅनेडियन डॉलर होते, आता १४,८०० उरलेत. महिन्याचा खर्च ३,७००. दीडशेवर अर्ज, चार मुलाखती, नोकरी नाही. वाकडचा टूबीएचके २०१६ मध्ये ५८ लाखांना घेतला, आज ९२ लाख येतील. २१ लाख कर्ज बाकी, हप्ता २७ हजार, भाडं २८ हजार. "फ्लॅट विकून एक वर्ष नीट शोधतो. एक जण साडेसहा हजार डॉलरमध्ये प्लेसमेंटच्या हमीसह कोर्स देतोय, तोही करतो. वेअरहाऊसमध्ये पॅकिंग करायचं नाही असं ठरवलंय, सीव्हीवर डाग नको. विकू का?"

नमस्कार. नका विकू. निदान आत्ता तरी नाही, आणि या कारणासाठी तर नाहीच.

आधी एक गोष्ट बोलून टाकतो, कारण पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात तुम्ही स्वतःलाच फार बोल लावलेत. तुमचा धंदा आणि तुमचं गाव, दोन्ही २०२५ मध्ये वाईट सापडलेत. मार्चमध्ये अमेरिकेने पोलाद-ॲल्युमिनियमवर २५ टक्के आयातशुल्क लावलं, जूनमध्ये ते ५० केलं, मध्ये एप्रिलला मोटारींवर २५ टक्के. एप्रिल ते जूनच्या तिमाहीत कॅनडाची अर्थव्यवस्था आकसली, सप्टेंबरला बेकारी ७.१ टक्के होती. आणि तुमच्या घराजवळच्या स्टेलँटिस या मोटार कंपनीच्या कारखान्यात जी जीप कंपास बनायची होती, ती अमेरिकेत इलिनॉयला नेणार असं ऑक्टोबरमध्ये जाहीर झालं. म्हणजे आयएटीएफ १६९४९ (वाहन उद्योगातलं गुणवत्तेचं मानक) कोळून प्यायलेला माणूस नेमका तिथे उभा आहे, जिथे त्याच कामातली, तिथलाच अनुभव असलेली माणसं रांगेत पुढे आहेत. मंदी म्हणायचं की नाही यावर अर्थतज्ज्ञ वाद घालोत, तुमच्यासाठी मंदीच आहे.

पण म्हणूनच पैशाचा हिशेब नोकरीच्या आशेवर बांधता येत नाही. "एक वर्ष नीट शोधतो" यातलं वर्ष कुठून आलं? मंदी तुमच्या फ्लॅटचे पैसे संपायची वाट बघून उठणार नाही.

आता आकडे. १४,८०० भागिले ३,७००, बरोबर चार महिने. याच आकड्याने तुमची झोप उडाली आहे आणि फ्लॅट विकायचा विचार आला आहे. पण या भागाकारात जमेची बाजू शून्य धरली आहे, आणि ती शून्य नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रात कॅनडा चाइल्ड बेनिफिटचा, म्हणजे मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याचा, उल्लेखच नाही. अर्ज केला नसेल तर आजच करा. पीआर माणसाला पहिल्या दिवसापासून हक्क असतो. सहा ते सतरा वयाच्या मुलाला जुलै २०२५ ते जून २०२६ या वर्षाला कमाल ६,७४८ डॉलर आहेत. तुमचं भारतातलं उत्पन्न धरूनही त्याच्या जवळपास मिळायला हवेत, महिन्याला ५५० धरू. मागच्या महिन्यांचेही मिळतात. आल्याआल्या सगळे सिम कार्ड आणि लायसन्सच्या मागे धावतात आणि हा फॉर्म राहून जातो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता विचारतोच.

दुसरी म्हणजे तुमचं पॅकिंग. ऑन्टॅरिओत, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे तिथे, ऑक्टोबर २०२५ ला किमान वेतन तासाला १७.६० डॉलर झालं. आठवड्याचे ४० तास धरले तर महिन्याला तीन हजार, हातात साधारण २,५५०. खर्च ३,७००, त्यातून बेनिफिटचे ५५० आणि पगाराचे २,५५० वजा केले की तूट उरते ६००. आता तेच १४,८०० चोवीस महिने पुरतात. मुलगी पहिलीत, दिवसभर शाळेत आहे. तुमच्या सौ. पुण्यात अकाउंट्स बघत होत्या, त्यांनी अर्धवेळ काही धरलं तर तूट राहतच नाही. ९२ लाखांचा फ्लॅट विकून जे वर्ष विकत घ्यायला निघालात, ते तासाला १७.६० ने मिळतंय.

सीव्हीवरच्या डागाचं म्हणाल, तर तो लिहायचा की नाही हे तुमच्या हातात आहे. कोणी बळजबरी करत नाही. उलट त्या कामाचे तास एम्प्लॉयमेंट इन्शुरन्सला (बेकारी विम्याला) मोजले जातात. प्रदेशाप्रमाणे ४२० ते ७०० तास भरले, आणि पुढे कामावरून कमी केलं, तर भत्त्याचा हक्क तयार होतो. आज तो शून्य आहे, कारण तुमचा एकही तास नोंदलेला नाही. शिफ्ट मात्र दुपारी तीन ते अकराची मागा, म्हणजे मुलाखतींना सकाळ मोकळी राहील.

आता फ्लॅट विकलाच तर काय होईल तेही बघू, म्हणजे मनात किंतु नको. २०२५-२६ या आर्थिक वर्षात तुम्ही भारतात राहिलाच नाहीत, म्हणजे अनिवासी झालात. निवासी असता तर महागाई निर्देशांक लावून (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा जुना पर्याय निवडता आला असता आणि साधारण दोन लाखांत कर भागला असता. अनिवासींना तो पर्याय नाही. ३४ लाखांच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर, साडेचार लाखांच्या आत. हेही एक वेळ ठीक. पण खरेदीदार टीडीएस कापणार तो नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर. अधिभार धरून तेरा लाखांच्या आसपास. आधी आयकर खात्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र काढलं नाही तर वरचे साडेआठ लाख रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकले. ९२ मधून कर्ज २१, टीडीएस १३, दलाली वगैरे २ गेले की हातात ५६ लाख, म्हणजे ६२ च्या दराने नव्वद हजार डॉलर. गडबडीत विकणाऱ्याला ९२ येतात का, हा वेगळाच प्रश्न.

आणि त्या फ्लॅटमध्ये वडिलांच्या फंडातले नऊ लाख आहेत, असं तुम्हीच कंसात लिहिलंय. ते कंसात लिहिण्यासारखं नव्हतं. घर आज स्वतःचा हप्ता स्वतः भरतंय, तुमच्या खिशाला हात लावत नाही. परतायची वेळ आली तर उतरायला छप्पर आहे. ते राहू दे.

परतायचं म्हटलं की आपल्याकडे लगेच तोंड दाखवायचा प्रश्न येतो. नियम बघा. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस तिथे राहावं लागतं. तुमचे तीनशे झालेत. जानेवारी २०२७ ला ७३० पूर्ण होतील, त्यानंतर जानेवारी २०३० पर्यंत पुण्यात राहिलात तरी पीआरला धक्का नाही. वरचा चोवीस महिन्यांचा हिशेब ही तारीख सहज ओलांडतो. म्हणून निर्णयाची तारीख जानेवारी २०२७ ठरवा. त्याआधी खात्यात तिघांची तिकिटं आणि दोन महिन्यांचा खर्च एवढंच उरलं, तर तारखेची वाट न बघता परत या. राहिलेले दिवस नंतर येऊन भरता येतील. ही रक्कम आजच वेगळ्या खात्यात टाका (ती बाजूला काढली की चोवीस महिने पुरणार नाहीत, म्हणून सौ.चं अर्धवेळ कामही धराच), चालू खात्यात ठेवलीत की ती किराण्यात जाते.

साडेसहा हजारांच्या कोर्सला एक पैसा देऊ नका. ऑन्टॅरिओत तात्पुरत्या कामावर माणसं पाठवणाऱ्या एजन्सीला त्या माणसांकडून फी घेता येत नाही, म्हणून हल्ली फीला कोर्स म्हणतात. नवागतांसाठी सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था आहेत, ॲक्सेस एम्प्लॉयमेंट त्यातलीच एक. तिथे सीव्ही, सराव मुलाखती, ब्रिजिंग कार्यक्रम (परदेशातला अनुभव तिथल्या नोकरीशी जोडून देणारे) मिळतात. मी नोकरीतला तज्ज्ञ नाही, पण दीडशे अर्ज सगळे वाहन उद्योगातच का, हा प्रश्न मलाही पडला. तुमचं पीपॅप (सुट्या भागाला उत्पादनाआधी ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत) आणि ऑडिटचं काम अन्नप्रक्रियेत, वैद्यकीय उपकरणांत, अणुऊर्जेच्या पुरवठादारांतही लागतं. ऑन्टॅरिओतच डार्लिंग्टनला नव्या छोट्या अणुभट्टीचं बांधकाम २०२५ मध्ये मंजूर झालंय.

शेवटी कागदपत्रं. पुण्याचं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं रुपयातलं खातं) करून घ्या, भाडं त्यात येऊ द्या. भाडेकरूने अनिवासी मालकाच्या भाड्यातून टीडीएस कापायचा असतो, ते त्याला सांगा, म्हणजे हप्त्याला दरमहा भर घालावी लागेल. कापलेलं बरंचसं रिटर्न भरून परत मिळेल. ते भाडं आणि पीपीएफचं व्याज कॅनडाच्या रिटर्नमध्येही दाखवावं लागतं. पीपीएफ इथे करमुक्त म्हणून तिथे नसतं.

आणि एका मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून फ्लॅटचं मूल्यांकन करून ठेवा. कॅनडा असं धरतो की तुम्ही तिथले रहिवासी झालात त्या दिवशीच्या बाजारभावाने तो घेतला, त्यामुळे पुढे कधी विकलात तर तिथे त्यानंतरच्या वाढीवरच कर बसेल. रिपोर्टवर किंमत जानेवारी २०२५ ची हवी, आजची नव्हे. व्हॅल्युअरला हे दोनदा सांगा, सवयीने ते आजचीच घालतात.