फायरवॉलच्या लॉगमध्ये शेकडो 'ड्रॉप' नोंदी दिसतात. माझ्या संगणकावर कोणी हल्ला करीत आहे का?

आपण लिहिले आहे की विंडोज फायरवॉलचा (नको असलेली ये-जा अडवणाऱ्या संरक्षकाचा) लॉग, म्हणजे नोंदवही, सुरू केल्यावर एका संध्याकाळीच चारशेवर 'ड्रॉप' नोंदी जमल्या, त्यांतील बऱ्याच १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरून आलेल्या आहेत, आणि आता संगणक फॉरमॅट करण्याचा आपला विचार आहे. कृपया एवढ्यात तसे करू नये. 'ड्रॉप' याचा अर्थ पॅकेट, म्हणजे जाळ्यावरून येणारा माहितीचा छोटा तुकडा, दारातच अडवले गेले, आत आले नाही.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले असून ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणजे पाठवणारा आपल्याच वायफायवर आहे. नागपुरात महाल भागातील आमच्या घरी एकाच वायफायवर तीन बिऱ्हाडे चालतात. तेथे १९२.१६८.१.७ वरून २३९.२५५.२५५.२५० या पत्त्याच्या १९०० क्रमांकाच्या पोर्टकडे (विशिष्ट कामासाठीच्या क्रमांकित दाराकडे) सतत पॅकेट येताना पाहून मी घाईने वायफायचा पासवर्ड बदलला. नंतर राउटरमधील जोडलेल्या उपकरणांची यादी पाहिली, तेव्हा तो काकांचा टीव्ही निघाला. १९०० हे पोर्ट घरातील उपकरणे एकमेकांचा शोध घेण्यासाठी वापरतात. ५३५३ चेही तसेच, आणि १३७ व १३८ ही विंडोजची जुनी नाव शोधण्याची पद्धत. नवा पासवर्ड मात्र मला तिन्ही बिऱ्हाडांत जाऊन सांगावा लागला.

ओळ वाचताना तारीख आणि वेळेनंतर कृती, प्रोटोकॉल, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि दोघांचे पोर्ट असा क्रम असतो. शेवटी 'रिसीव्ह' किंवा 'सेंड' अशी दिशा दिलेली असते. पाठवणाऱ्याचे पोर्ट ४४३ आणि आपले पोर्ट पन्नास हजारांच्या घरातले असेल, तर ते बहुधा आपणच उघडलेल्या संकेतस्थळाचे, जोडणी संपल्यानंतर उशिरा पोहोचलेले पॅकेट असते. टीसीपी फ्लॅगच्या (पॅकेट कशासाठी आहे ते सांगणाऱ्या अक्षरांच्या) रकान्यात फक्त 'एस' असेल तरच बाहेरचा कोणी नव्याने जोडणी मागत आहे असे समजावे. 'ए', 'एफ' किंवा 'आर' दिसल्यास ते बहुतेक वेळा जुन्या संभाषणाचे शेपूट असते.

बाहेरच्या पत्त्यांवरून २३, ४४५ किंवा ३३८९ या पोर्टांवर येणारी विचारणा खरी असते, पण ती आपल्यालाच उद्देशून नसते. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रामने २३ वर कॅमेरे व राउटर शोधले, मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या दुसऱ्याने ४४५ वर विंडोजचे संगणक शोधले, आणि असे आपोआप चालणारे शोध आजही थांबलेले नाहीत. तथापि घरगुती राउटरच्या मागे असलेल्या लॅपटॉपपर्यंत ही पॅकेटे सहसा पोहोचू नयेत. ती पोहोचत असतील, तर राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग किंवा डीएमझेड (बाहेरून आलेली पॅकेटे घरातील एखाद्या उपकरणाकडे धाडणाऱ्या सोयी) चालू आहे का, आणि आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीवरून थेट वाट मिळते आहे का, हे तपासावे. या चारशे नोंदींपेक्षा ही तपासणी मला अधिक महत्त्वाची वाटते.

काळजीचे खरे कारण अडवलेल्या ओळींत क्वचितच सापडते. ते सापडले तर बाहेर गेलेल्या ओळींत. विंडोज फायरवॉल बाहेर जाणाऱ्या जोडण्या मुळात अडवत नाही, आणि यशस्वी जोडण्यांची नोंद वेगळी सुरू केल्याशिवाय करीतही नाही. ती सुरू करून लॉगची मर्यादा वाढवावी, कारण ४०९६ केबीची मूळ मर्यादा लवकर भरते. नंतर ब्राउझर बंद ठेवून, ठरावीक अंतराने एकाच बाहेरच्या पत्त्याकडे जाणाऱ्या 'अलाऊ' (जाऊ दिलेल्या) ओळी पाहाव्यात. त्यांतही अपडेट, अँटिव्हायरस आणि क्लाउड यांचाच भरणा असेल. शंका राहिल्यास लगेच कमांड प्रॉम्प्टवर 'नेटस्टॅट -एएनओ' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत देऊन मिळालेला प्रक्रिया क्रमांक टास्क मॅनेजरशी जुळवावा. लगेच म्हणण्याचे कारण, ही आज्ञा त्या क्षणीच्याच जोडण्या दाखवते. अनोळखी प्रोग्राम आढळला, तर आधी वायफाय तोडावे आणि मग पूर्ण स्कॅन करावा.

१९२.१६८ च्या ओळी वगळून उरलेल्यांपैकी 'एस' असलेल्या आठ-दहा ओळी आपण येथे दिल्यास मी पाहीन. त्यांतील स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मात्र आधी खोडावा.