संग्रहालयांत प्राचीन ग्रीक कांस्यमूर्ती इतक्या कमी का दिसतात?

आपण विचारले आहे की, ग्रीक शिल्पकार मुख्यतः कांस्यात काम करत असे सगळीकडे वाचायला मिळते, मग संग्रहालयांत बहुतेक पुतळे संगमरवरीच का दिसतात आणि दगडाहून चिवट असलेले कांस्य गेले कुठे?

थेट उत्तर असे की ते वितळवले गेले. कांस्य टिकाऊ असते हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण मूर्तीचे आयुष्य धातूच्या टिकाऊपणापेक्षा मोडीच्या भावावर अधिक अवलंबून असते. कांस्य म्हणजे साधारणतः नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील यांचा मिश्रधातू. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात कथील मिसळले की हे तापमान बरेच खाली येते, रस साच्याच्या बारीक कानाकोपऱ्यांत सहज उतरतो आणि निवल्यावर मिळणारा धातू तांब्याहून कठीण असतो. शिल्पकाराला हवेसे वाटणारे हे सगळे गुण टांकसाळीला आणि तोफा ओतणाऱ्यालाही तितकेच हवे असतात. संगमरवरी पुतळ्याचा हात तुटला तर त्या तुकड्याचा फारसा उपयोग नसतो (चुन्याच्या भट्ट्यांत पुष्कळ संगमरवर गेला, हे मात्र मान्य केले पाहिजे). कांस्याचा हात तुटला तर तो वजनावर विकता येतो.

आपण पाहिलेले संगमरवरी पुतळे बहुधा रोमन काळातील प्रतिकृती असणार. मायरॉनचा थाळीफेक करणारा आणि पॉलिक्लायटसचा भालाधारी ही दोन्ही मुळात इ. स. पूर्व पाचव्या शतकातील कांस्यशिल्पे होती. मूळ शिल्पे नाहीशी झाली आणि आज त्यांची ओळख उरली आहे ती दगडी नकलांवरून. ग्रीक शिल्पकार लिसिपसने १५०० शिल्पे केली असे रोमन लेखक प्लिनी सांगतो, पण त्यांतले निर्विवादपणे त्याच्याच हातचे म्हणता येईल असे एकही उरलेले नाही. नक्कल ओळखण्याची एक खूण मला नेहमी गमतीची वाटते: पुतळ्याच्या पायाला खेटून विनाकारण उभे असलेले झाडाचे खोड. कांस्याची मूर्ती आतून पोकळ असते आणि धातूला ताण सोसतो, त्यामुळे ती दोन घोट्यांवर, हात लांब पसरून, आरामात उभी राहते. तीच मुद्रा दगडात उतरवली की घोट्यापाशी सगळा भार येऊन दगड तडकतो, म्हणून नक्कल करणाऱ्याला आधाराचे खोड कोरावेच लागते.

मूर्ती पोकळ कशी होते, हे येथे थोडक्यात सांगतो. मातीचा गाभा करून त्यावर मेणाचा पातळ थर चढवतात आणि नाक, डोळे, केस हा सारा तपशील त्या मेणात घडवतात. त्यावर पुन्हा मातीचे आवरण देतात. गाभा जागचा हलू नये म्हणून आरपार खिळे ठोकलेले असतात. साचा तापवला की मेण वितळून बाहेर येते आणि रिकाम्या झालेल्या जागेत धातूचा रस ओततात. शेवटी साचा फोडावाच लागतो. आपल्या शिल्पशास्त्रात या पद्धतीला मधुच्छिष्ट विधान म्हणतात. मधुच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे राहिलेले मेण. मोहेंजोदडोची सुमारे साडेदहा सेंटिमीटरची नर्तकी याच पद्धतीची आहे, पण ती भरीव आहे, आणि चोळकालीन मूर्तीही बहुतांशी भरीव आहेत. आकार माणसाएवढा झाला की भरीव ओतकाम परवडत नाही. धातू तर फार लागतोच, शिवाय जाड भाग निवताना असमान आकसतो आणि त्याला भेगा जातात. म्हणून ग्रीक कारागीर डोके, धड, हातपाय वेगवेगळे ओतून नंतर जोडत असत.

आता जी थोडी शिल्पे उरली ती का उरली, हे पाहिले तर उत्तर पुरते स्पष्ट होते. ग्रीसमधील डेल्फीचा सारथ्याचा पुतळा इ. स. पूर्व ३७३ च्या भूकंपात गाडला गेला आणि १८९६ मध्ये उत्खननात सापडला. त्याचे बसवलेले डोळे आणि तांब्याच्या पापण्या अजून शाबूत आहेत. ग्रीसच्याच अर्टेमिझियन भूशिराजवळच्या समुद्रातून १९२६ मध्ये एक हात मिळाला आणि १९२८ मध्ये उरलेली मूर्ती, उंची २०९ सेंटिमीटर. हा देव झ्यूस की पोसायडन, हा वाद अजून मिटलेला नाही, कारण हातातले आयुध हरवले आहे. इटलीच्या दक्षिणेस रियाचे येथे १९७२ मध्ये एका पाणबुड्याला दोन योद्धे सापडले, त्यांतील एकाचे दात चांदीचे आहेत. चीनच्या सिचुआन प्रांतातील सानशिंगद्वे येथे १९८६ मध्ये खड्ड्यांतून बाहेर आलेली मूर्ती बैठकीसह २६२ सेंटिमीटर उंच आहे, आणि ती तीन हजार वर्षांपूर्वी मुद्दाम पुरलेली होती. चोळांच्या कित्येक मूर्ती तर आक्रमणाच्या भीतीने लोकांनीच जमिनीखाली दडवल्या. थोडक्यात, जे माणसाच्या हाताबाहेर गेले तेच बहुतेक वाचले.

उघड्यावर राहून वाचलेल्यांत रोममधील सम्राट मार्कस ऑरेलियसचा अश्वारूढ पुतळा सर्वांत प्रसिद्ध आहे, आणि तो वाचला तो गैरसमजामुळे. मध्ययुगात लोक त्याला पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन समजत राहिले, म्हणून त्याला कोणी भट्टीत घातले नाही. १५३८ मध्ये तो कॅपिटोलिन टेकडीवर आणला गेला. आज मूळ पुतळा संग्रहालयात असून चौकात त्याची प्रतिकृती आहे.

ही गोष्ट प्राचीन काळापुरतीच आहे असे समजू नये. लिओनार्दोने मिलानच्या ड्यूकसाठी सात मीटरहून उंच घोड्याची मातीची प्रतिकृती तयार केली होती, पण ओतकामासाठी साठवलेले कांस्य १४९४ मध्ये तोफांसाठी फेराराच्या ड्यूककडे रवाना झाले. मायकेलअँजेलोने बोलोन्यात पोप दुसऱ्या ज्युलियसचा कांस्यपुतळा १५०८ मध्ये पूर्ण केला. तीन वर्षांनी शहर पोपवर उलटले, पुतळा पाडला गेला आणि त्याच्या धातूची जी तोफ झाली तिला पोपच्या नावावरून ‘ज्युलिया’ असे नाव पडले. ही तोफ ओतून घेणारा अल्फोन्सो हा फेराराच्या त्याच ड्यूकचा मुलगा होता. एका घराण्याने दोन पिढ्यांत दोन महान शिल्पकारांचे कांस्य तोफांकडे वळवले, असा हा योगायोग आहे.

पॅरिसमध्ये उलटेही घडले. ऑस्टरलिट्झच्या मोहिमेत जिंकलेल्या तोफा वितळवून नेपोलियनने १८१० मध्ये व्हाँडोम चौकातला स्तंभ कांस्याने मढवला. पुढे राजेशाही परतल्यावर, क्रांतीत फोडलेला फ्रान्सचा पूर्वीचा राजा चौथा हेन्री याचा अश्वारूढ पुतळा १८१८ मध्ये नव्याने उभा राहिला, आणि त्यासाठी नेपोलियनचे पुतळे वितळवण्यात आले.

फार अवाढव्य मूर्तींचे नशीब थोडे वेगळे असते, पण आकार हे काही अभयदान नाही. ग्रीक बेट रोड्स येथील सूर्यदेवाचा सुमारे तेहतीस मीटर उंचीचा पुतळा भूकंपात गुडघ्यातून मोडला, त्याचे तुकडे काही शतके तसेच पडून राहिले आणि अखेर तेही नाहीसे झाले. जपानमधील नारा येथील बुद्धाचे मात्र नेमके उलट झाले. सुमारे पंधरा मीटर उंचीच्या या मूर्तीचे ओतकाम खालून वर आठ टप्प्यांत झाले, आणि ७५२ मध्ये तिचा नेत्रोन्मीलन विधी झाला. त्यानंतर ती ११८० आणि १५६७ च्या आगींत भाजून निघाली, पण लोकांनी तिचा धातू विकण्याऐवजी तिच्यावर पुन्हा पुन्हा धातू चढवला. म्हणून आज दिसणारे तिचे डोके सतराव्या शतकाच्या अखेरचे आहे, आणि खालच्या कमळासनाच्या काही पाकळ्या अजून आठव्या शतकाच्या.