सीट अडवायचे 75 हजार आज भरू नका

इचलकरंजीहून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगी यंदा बारावीत आहे. तिने इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळवली आहे आणि तिला टेक्स्टाइल डिझाइन शिकायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी संस्थेने तिचं काम पाहून लगेच जागा देऊ केली, पण 30 नोव्हेंबरच्या आत 75 हजार भरले तरच. हे पैसे परत मिळणार नाहीत. फी वर्षाला सव्वाचार लाख, चार वर्षं. वडील 49 वर्षांचे, सूतगिरणीत हिशेबनीस आहेत. महिना 58 हजार हातात येतात आणि त्यातले 12 हजार मागे पडतात. सहा लाखांची एफडी, मुलीच्या सुकन्या खात्यात 4 लाख 40 हजार, पीएफमध्ये नऊ लाख. धाकटा मुलगा आठवीत आहे. विचार असा, की एफडी मोडायची, थोडा पीएफ काढायचा आणि 15 लाखांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं. शेवटी आईने लिहिलंय, “पैसे भरले नाहीत आणि पुढे कुठेच नंबर लागला नाही, तर पोरगी आम्हाला माफ करील का?”

ताई, या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो. तुमच्या घरात आज जो निर्णय चाललाय तो फीचा नाही, भीतीचा आहे, आणि ती 30 तारीख नेमकी त्या भीतीवर बोट ठेवते. मुलीची गुणवत्ता खरी असेल तर ती 1 डिसेंबरलाही तेवढीच राहणार.

आधी पूर्ण खर्च मांडू. फी 17 लाख. पुण्यात राहणं-खाणं महिना 12 हजार धरलं, वर्षाचे दहा महिने, तर चार वर्षांचे 4 लाख 80 हजार. कॉम्प्युटर, रंग, कापड, प्रिंट, प्रोजेक्टचा खर्च यांना 1 लाख 70 हजार. एकूण साडेतेवीस लाख. फी वाढणार नाही असं धरून हा आकडा आहे, आणि तसं लेखी कोणी दिलेलं नाही.

आता कर्ज. दरवर्षी पावणेचार लाख उचलले आणि व्याजदर साडेदहा टक्के असला, तर शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक सवलतीचं (हप्ता न भरायचं) वर्ष मिळून व्याज साधारण साडेपाच लाख होतं. म्हणजे परतफेड सुरू होईल तेव्हा 15 चे साडेवीस लाख झालेले असतील. दहा वर्षांच्या मुदतीने हप्ता येतो जवळपास 27,700 रुपये. तेव्हा मुलीचे बाबा 54 वर्षांचे असतील, म्हणजे 58 ला निवृत्त व्हायला चारच वर्षं उरलेली. हप्ते मात्र 64 व्या वर्षापर्यंत. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका साधारणपणे तारण मागतात, आणि तुमच्याकडे तारण म्हणजे राहतं घर.

“ती नोकरीला लागली की फेडेल,” असं तुम्ही लिहिलंय. तिची इच्छा खरीच असणार. पण डिझाइनच्या क्षेत्रात पहिली दोन-तीन वर्षं सरळ जात नाहीत: कधी इंटर्नशिप, कधी फ्रीलान्स काम, कधी मधेच दोन महिने रिकामे. मी हिशेबाला तीस हजार पगार धरतो. त्यातून 27,700 गेले तर ती पुण्या-मुंबईत राहणार कशी? आणि ज्या क्षेत्रासाठी एवढं केलं ते सोडून, हप्त्यासाठी मिळेल ती नोकरी तिला धरावी लागेल. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

म्हणून मी उलट्या बाजूने येतो. तीस हजारांतून दहा हजारांचा हप्ता झेपतो. त्यात दहा वर्षांत 7 लाख 40 हजारांचं कर्ज फिटतं, अट एकच, शिकत असताना आणि त्या सवलतीच्या वर्षात व्याज तुम्ही दरमहा भरत राहायचं. पहिल्या वर्षी ते महिना 1,600 च्या आसपास असेल, चौथ्या वर्षी साडेसहा हजारांपर्यंत जाईल. तुमच्या 12 हजारांच्या शिलकीत हे बसतं. शिवाय कर्ज साडेसात लाखांच्या आत राहतं, म्हणजे घर सुरक्षित.

यात एफडीतले चार लाख धरा. उरलेले दोन लाख आजारपणासाठी, त्यांना हात लावायचा नाही. सुकन्या खात्यातून दहावीनंतर शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते, ते 2 लाख 20 हजार. व्याज भरून उरलेली मासिक बचत चार वर्षांत 3 लाख 80 हजार. एकूण 17 लाख 40 हजार. राहण्याचा आणि साहित्याचा खर्च वजा केला तर फीसाठी वर्षाला 2 लाख 70 हजारांच्या आसपास उरतात. ही तुमची मर्यादा. सव्वाचार लाख तिच्यात बसत नाहीत.

पीएफला मी हात लावू देणार नाही. सव्वाआठ टक्के दर टिकला तर आजचे नऊ लाख निवृत्तीपर्यंत नुसत्या व्याजाने दुप्पट होतात. आणि धाकटाही चार वर्षांत कॉलेजच्या दारात उभा असेल. बँकेच्या माणसाने व्याजावर करसवलत मिळेल असं सांगितलं म्हणता, पण ती सवलत जुन्या करप्रणालीत आहे. तुमच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत मुळात करच लागत नाही, त्यामुळे ती गोष्ट निर्णयातून काढून टाका.

मग तिने जायचं कुठे? मुंबईची सर ज. जी. कला शाळा 1857 पासून आहे, आणि तिथे टेक्स्टाइल डिझाइन शिकवतात. 2023 मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, म्हणून प्रवेशाची पद्धत आणि फी यंदाच्या माहितीपत्रकातूनच बघा. राज्यातल्या इतर कला महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, म्हणजे इंटरमिजिएटला तिने जे केलंय तेच पुढच्या पायरीवर. अहमदाबादच्या एनआयडीची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, परीक्षाही तिने द्यावी. तिथली फी आता स्वस्त राहिलेली नाही, पण केंद्राच्या संस्था पीएम विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या योजनेत येतात. त्या कर्जाला तारण आणि जामीनदार लागत नाही, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, परतफेड सुरू होईपर्यंत, व्याजात तीन टक्के सवलतीसाठी अर्ज करता येतो.

आणखी एक. तुम्ही प्रवर्ग कळवलेला नाही. ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसी असाल आणि उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर 2024 पासून राज्य शासन व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क भरतं. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. कागद आत्ताच काढायला घ्या, जूनमध्ये तहसील कचेरीत रांग असते.

पोर्टफोलिओच्या, म्हणजे निवडक कामांचा संग्रह तयार करून घेणाऱ्या, क्लाससाठी सव्वा लाख मागताहेत म्हणता, तेही देऊ नका. परीक्षांचे फॉर्म, प्रवास आणि एखाद्या चांगल्या कलाशिक्षकाकडची शिकवणी मिळून 40 हजार बाजूला काढा. इथे मात्र हात आखडता घेऊ नका. या पैशातून तिला तीन-चार दारं उघडतात, 75 हजारांतून एकच.

समजा, यंदा कुठेच झालं नाही. एक वर्ष थांबण्याचा खर्च माझ्या हिशेबाने 60-70 हजार, आणि तुमच्या गावात ते वर्ष वाया जायचं कारण नाही. कापड विणण्यावर जगणारं हे गाव. डॉबीवर, जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्रांवर, नक्षी कशी चढते ते तिला तिथेच बघायला मिळेल, आणि ते पुण्याच्या वर्गात मिळणार नाही. यात माफी मागण्यासारखं काही नाही, ताई. मात्र हे सगळं तिला समोर बसवून, आकड्यांसकट सांगा. ती सतरा वर्षांची आहे. हप्ता तिच्याच पगारातून जाणार आहे.

त्या संस्थेला तीन गोष्टी लेखी विचारा: पदवी कोणत्या विद्यापीठाची, चार वर्षांची फी ठरलेली आहे का, आणि प्रवेश सोडला तर किती पैसे परत. उत्तरं आली की मला पाठवा. फी खाली आणली, शिष्यवृत्ती दिली आणि वर्षाचा आकडा 2 लाख 70 हजारांत बसला, तर मी पुन्हा हिशेब मांडून देईन. आणि पत्रासोबत तिच्या वहीतल्या साडीच्या काठाचा जो फोटो पाठवलात, तो कुठून बघून काढलाय की तिच्या मनातला, तेवढं तिला विचारून कळवा.