तीनशे मेल गेले, उत्तर एकाचंच

प्रश्न: ताई नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते, पॅकेजिंग डिझाइनचं काम करते, म्हणजे मसाले, फरसाण, लोणची यांचे पाऊच आणि लेबलं. पाच वर्षं एका एजन्सीत होते, गेल्या वर्षी नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं. तुर्भे, रबाळे, तळोजा इथल्या कंपन्यांचे आयडी वेबसाइटवरून गोळा करून जवळजवळ तीनशे कोल्ड ईमेल (म्हणजे ओळख नसताना काम मागायला पाठवलेले मेल) टाकले, सोबत पोर्टफोलिओची पीडीएफ. उत्तर आलं एकच, ते पण "सध्या गरज नाही". नवरा म्हणतो हे मेल वगैरे आपल्याकडे चालत नाही, काम ओळखीनंच मिळतं. बंद करू का? माझा मेल सोबत जोडलाय, वाचून सांगा.
एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: बंद करू नकोस. (तू म्हणतेय, चालेल ना? माझ्या धाकट्या बहिणीएवढी असशील.) तुझा मेल मी दोन-तीनदा वाचला, भाषा चांगली आहे, काम तर फारच छान आहे, पण ज्याला पाठवलाय तो माणूसच त्यात कुठे नाहीये. कंपनीचं नाव काढून दुसरं टाकलं तर बाकी एक शब्द बदलावा लागत नाही, आणि वाचणाऱ्याला हे पहिल्या दोन ओळीतच कळतं.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतेय कारण मी एकोणीस वर्षं वागळे इस्टेटमधे एका कारखान्यात परचेसला होते, म्हणजे असे मेल ज्या टेबलावर येऊन पडतात त्या टेबलावरच मी बसायचे. सकाळी कॉम्प्युटर चालू केला की पन्नासेक मेल असायचे, आम्ही अमुक क्षेत्रातली अग्रगण्य कंपनी, आम्ही तमुक सोल्युशन देतो, आणि खाली गाडी लागलेली, मटेरियल आलेलं नाही, साहेब फोनवर, मग काय होणार, सगळे डिलीट. त्यातला एक मात्र मला अजून आठवतो. कार्टनवाला होता. त्यानं लिहिलं होतं, काल तुमच्या गेटबाहेर टेम्पो उभा होता, खालच्या थरातल्या बॉक्सचे कोपरे दबलेले दिसले, तुम्ही बहुतेक थ्री प्लाय म्हणजे तीन थरांचा पुठ्ठा वापरताय, एवढ्या वजनाला फाइव्ह प्लाय लागेल, दोन सॅम्पल पाठवतो, वजन ठेवून बघा. बस, एवढंच. आणि आमच्याकडे त्या महिन्यात फुटलेल्या बॉक्सवरून पार्ट्यांची बोंब चालूच होती. मी अर्ध्या तासात त्याला फोन लावला. ओळख नव्हती, त्याची वेबसाइटही नव्हती, पण त्यानं आमचा टेम्पो बघितला होता ना.

तुझ्या धंद्यात तर हे अजून सोपं आहे कारण तुझ्या क्लायंटचा माल दुकानात लागलेला असतो. ज्या कंपनीला लिहायचंय तिचं पाकीट विकत घे, घरी आणून उजेडात नीट बघ. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या लायसन्सचा, 14 आकडी नंबर सीलच्या घडीत गेलाय का, एमआरपी आणि बॅचचा शिक्का गडद रंगावर पडून वाचता येत नाहीये का, कस्टमर केअरचा नंबर मुंगीएवढा झालाय का, मराठी नावातलं जोडाक्षर फॉन्टमधे फुटलंय का (हे तर फार बघते मी, आणि वाईट वाटतं). काहीतरी सापडतंच, मालक रोज तेच पाकीट बघतो त्यामुळे त्याला ते दिसेनासं झालेलं असतं. मग मेल साधारण असा कर:

सब्जेक्ट: तुमच्या कांदा लसूण मसाल्याच्या 200 ग्रॅम पाकिटावरचा लायसन्स नंबर

नमस्कार, काल तुमचा मसाला घेतला. मागच्या बाजूला लायसन्स नंबरचे शेवटचे दोन आकडे सीलमधे दबले गेलेत, फोटो खाली आहे. पुढच्या छपाईला ती ओळ थोडी वर घेतली की झालं, तसं करून दाखवलेला कोपराही पाठवतेय, तो तुम्ही तसाच वापरू शकता. मी कोपरखैरण्यात पॅकेजिंग डिझाइन करते, पाच वर्षांचा अनुभव आहे. तुमची पुढची प्रिंट ऑर्डर कधी जाणार आहे? त्याआधी दहा मिनिटं भेटायला येऊ शकते.

खाली नाव, मोबाइल, कामाची एक लिंक. मोठी पीडीएफ पहिल्या मेलला जोडू नकोस, अनोळखी माणसाची अटॅचमेंट कोणी उघडत नाही. आणि "चूक" हा शब्द कुठेही नको, कारण ते लेबल कितीतरी वेळा मालकाच्या मुलीनं नाहीतर भाच्यानं हौसेनं केलेलं असतं.

पुढच्या छपाईचं विचारायला सांगितलं ते मुद्दाम. तुला माहितीच आहे की मोठ्या ऑर्डरचे पाऊच रोटोग्रॅव्हरवर, म्हणजे डिझाइन कोरलेल्या सिलिंडरवर छापतात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर, सिलिंडरचा खर्च आधीच होऊन गेलेला, रोल गोडाउनमधे पडलेले, मग कोणाचा मेल छान आला म्हणून डिझाइन कोण बदलेल? रोल संपत आले की मगच तो विषय निघतो. म्हणून "सध्या गरज नाही" असं ज्यानं लिहिलंय ना, तीनशेत तोच तुझा सगळ्यात जवळचा माणूस आहे, त्यानं तुझं वाचलं आणि वेळ काढून उत्तर दिलं. त्याच मेलला आज रिप्लाय कर, आभार मान, नवीन छपाई साधारण कुठल्या महिन्यात असते एवढंच विचार, आणि तो महिना कॅलेंडरवर लिहून ठेव.

वेळेचं पण बघत जा. दिवाळीच्या पॅकिंगचं बोलणं गणपतीच्या आधी झालेलं बरं, त्यामुळे तुझे मेल जून-जुलैत जायला हवेत, सप्टेंबरात नाही. छोट्या मालकाला 18 ते 20 तारखेला लिहू नकोस, 20 तारीख जीएसटीच्या 3बी रिटर्नची, तेव्हा तो सीएच्या मागे लागलेला असतो. उत्तर आलं नाही तर पाच दिवसांनी त्याच मेलखाली एकदा, मग दहाएक दिवसांनी अजून एकदा, दोन्ही वेळा काहीतरी नवीन घेऊन, नुसतं "माझा मेल बघितलात का" नको. त्यानंतर थांबायचं.

नवऱ्याचं म्हणणं मला अर्धं पटतं, आपल्याकडे ओळखीवर काम चालतंच. पण ओळख सुरू कुठून करायची, तर अशा मेलनंच. कोपरखैरण्याहून रबाळे दोन स्टेशन, तुर्भे एक. मेल टाकल्यावर तीन दिवसांनी स्वतः जाऊन उभी राहा, गेटवर वॉचमननं कोणाकडे जायचंय विचारलं तर नाव सांगता येतं आणि मंगळवारी मेल केला होता असंही सांगता येतं, रिकाम्या हातानं गेल्यासारखं होत नाही. रबाळ्याची ठाणे बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन, वागळे इस्टेटची ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन, इथले कार्यक्रम असतात त्यावरही लक्ष ठेव. आणि तीनशे नको गं, आठवड्याला दहा कर, दहा पाकिटं नीट बघून.

प्रश्न: मी वेब डेव्हलपर, घोडबंदर रोडला राहतो. परदेशी क्लायंटसाठी एकाकडून दहा हजार ईमेलची यादी विकत घेतली. पहिल्याच दिवशी जीमेलनं पाठवणं बंद केलं. मग स्वतःचं डोमेन घेऊन पाठवतोय तर सगळं स्पॅममधे जातंय. काय चुकतंय?
एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: यादी चुकतेय, बाकी नंतर. साध्या जीमेलवरून दिवसाला 500 च्या वर जात नाही, ओलांडलं की काही तास ते एक दिवस पाठवणं बंद होतं, तेच तुमचं झालं. विकत घेतलेल्या यादीत कितीतरी बंद पडलेले पत्ते असतात, ते मेल बाउन्स होतात म्हणजे न पोचता परत येतात, आणि नवीन डोमेनवरून पहिल्याच आठवड्यात बाउन्सचा ढीग आला की समोरचा सर्व्हर तुम्हाला स्पॅमवालाच धरतो. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहूनं नियम कडक केलेत, दिवसाला 5,000 च्या वर पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीएमआर्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून आलाय हे तपासायच्या नोंदी) तिन्ही लागतात, एका क्लिकमधे अनसबस्क्राइब द्यावं लागतं आणि स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्याच्या खाली ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तिघांनी स्पॅम दाबलं की तुम्ही कडेलोटावर. तुम्ही एवढे पाठवत नसलात तरी ही तिन्ही रेकॉर्ड डोमेनच्या डीएनएसमधे टाकून घ्या, डेव्हलपर आहात, तासाभराचं काम आहे.

कायद्याचंही ऐका. अमेरिकेत 2003 चा कॅन-स्पॅम कायदा आहे, तिथे न विचारता धंद्याचा मेल पाठवता येतो पण सब्जेक्ट फसवा नको, तुमचा खरा पोस्टल पत्ता हवा, आणि कोणी नको म्हटलं तर कामाच्या दहा दिवसांत त्याचं नाव काढायलाच लागतं. जर्मनीत तर कंपनीलाही आधी संमती घेतल्याशिवाय जाहिरातीचा मेल चालत नाही. तुमच्या दहा हजारांत जर्मनीतले किती आहेत हे तुम्हाला तरी माहितीये का? ती यादी डिलीट करा, पैसे गेले ते गेले. एक धंदा निवडा, समजा ओहायोतले दातांचे दवाखाने, त्यातल्या पंधरा जणांच्या साइट मोबाइलवर उघडून बघा, कुठे अपॉइंटमेंटचं बटण चालत नाहीये ते स्क्रीनशॉट काढून त्यांना दाखवा. पंधरा मेल हातानं लिहा. कोपरखैरण्याच्या ताईंना दिलेलं उत्तर तुम्हीही वाचा, तुमचं दुकान फक्त लांब आहे.

प्रश्न: माझा मुलगा यंदा मेकॅनिकल इंजिनिअर झाला. रोज कंपन्यांच्या एचआरच्या आयडीवर रिझ्युमे पाठवतो, चार महिने झाले, कुठूनच उत्तर नाही. आता बोलत पण नाही घरात. काय सांगू त्याला?
एक आई, कळवा

उत्तर: आधी त्याला सांगा की त्याला कोणी नाकारलेलं नाहीये, बहुतेक ठिकाणी तो रिझ्युमे उघडलाच गेलेला नाही. एचआरच्या सामायिक आयडीवर इतके येतात की ते एकेक वाचणं कोणालाच शक्य नसतं. त्यानं कॉलेजचे तीन-चार वर्षं पुढचे सीनियर शोधावेत, लिंक्डइनवर सापडतात, जे महापे, ऐरोली, तळोजा इथे कामाला आहेत, आणि त्यांना नोकरी मागू नये. तुम्ही त्या लाइनवर काय काम करता, माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट असा असा होता, तुमच्याकडे सुरुवातीला काय यायला लागतं, एवढं विचारावं, पाच-सहा ओळीत. सीनियर माणूस अशा प्रश्नाला उत्तर देतो, आणि जागा निघाली की त्यालाच आधी कळते. पहिला मेल त्यानं या रविवारी लिहावा, तुम्ही शेजारी बसा, लिहून झाला की मला पाठवा, पाठवायच्या आधी मी बघून देते.