करसल्लागारांच्या संघटनेने आता काय करावे?

प्रश्न : तालुक्याच्या गावी व्हॅटच्या काळापासून मी करसल्लागार म्हणून काम करतो. विवरणपत्रातील बरेचसे आकडे आता पोर्टलच भरून देते, त्यामुळे केवळ रिटर्न भरून व्यवसाय टिकेल असे वाटत नाही. आमची संघटना वर्षातून दोन-तीन व्याख्याने आणि एक स्नेहमेळावा घेते. या बदलात तिचा काही उपयोग होईल का?

उत्तर : होईल, मात्र व्याख्याने वाढवून नव्हे. कायद्यातील दुरुस्ती त्याच दिवशी प्रत्येकाच्या मोबाईलवर येते; ती व्यासपीठावरून वाचून घेण्यासाठी शाल-श्रीफळाचा खर्च कशाला?

जीएसटीआर-2बी, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे किती क्रेडिट (वजावट) मिळू शकते हे दाखवणारे विवरण, 2020 पासून आपोआप तयार होते आणि ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) सक्तीचे होण्यासाठीची उलाढालीची मर्यादा 500 कोटींवरून ऑगस्ट 2023 मध्ये 5 कोटींवर आली. आकडे भरण्याचे काम त्यामुळे घटले, पण ते जुळत नाहीत म्हणून येणाऱ्या नोटिशींना उत्तर देण्याचे काम उभे राहिले. जुन्या विक्रीकर सल्लागारांना 2018 पासून द्यावी लागलेली जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा घरी अभ्यास करून सुटत असे. नोटिशीचे उत्तर तसे पुस्तकात सापडत नाही.

संघटनेची खरी गरज इथे आहे. सभासदांकडे आलेल्या एएसएमटी-10 नोटिसा (विवरणपत्रातील तफावतीचा खुलासा मागणाऱ्या) पक्षकाराची संमती घेऊन, नाव व जीएसटी क्रमांक खोडून एकत्र कराव्यात आणि दरमहा त्यांतील एकाच नोटिशीवर बसावे. उदाहरणार्थ, पुरवठादाराने जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरणपत्र) उशिरा भरल्याने बिल पुढच्या महिन्याच्या 2बी मध्ये दिसते आणि खरेदीदाराने क्रेडिट मात्र आधीच घेतलेले असते; अशा वेळी बिल, बिल्टी (मालवाहतुकीची पावती), खातेउतारा आणि बँकेतील नोंद कोणत्या क्रमाने जोडायची, व्याजाचा मुद्दा आपणहून मांडायचा की नाही, हे नवख्याने लिहिलेला एएसएमटी-11 चा, म्हणजे त्या नोटिशीच्या उत्तराचा, मसुदा अनुभवी सभासदाने सर्वांसमोर दुरुस्त केला म्हणजे कळते. आपले मसुदे स्पर्धकाच्या हाती देण्यास ज्येष्ठ मंडळी कचरतील, आणि ती अडचण खोटी नाही; म्हणून सुरुवात निकाली निघालेल्या प्रकरणांपासून करावी.

निवेदने संघटना देतच असते. त्यांत नुसती मुदतवाढ मागण्यापेक्षा पोर्टलवरील अडचणींचे तक्रार क्रमांक, तारखा आणि स्क्रीनशॉट जोडावेत. अशा कागदाला अधिकाऱ्याला मुद्देसूद उत्तर द्यावे लागते.