लांबच्या पदभ्रमंतीत मुलीने दिलेले लोकरीचे अस्वल सोबत न्यावे का?

आपण लिहिले आहे की, डिसेंबरमध्ये महाबळेश्वरहून विशाळगडापर्यंत साधारण बारा दिवस पायी जाण्याचा आपला बेत आहे, सात वर्षांच्या मुलीने स्वतःचे लोकरीचे अस्वल "बाबा, यालापण घेऊन जा" म्हणून हातात दिले आहे, त्याचे वजन ११० ग्रॅम भरते आणि बरोबरचे अनुभवी मित्र अशा वस्तू घरीच ठेवाव्यात असे म्हणतात. अस्वल न्यावे का, आणि नेले तर शेवटच्या गडावर आठवण म्हणून ठेवून यावे का, असे आपले दोन प्रश्न आहेत. अस्वल अवश्य न्यावे आणि गडावर मुळीच ठेवून येऊ नये, असे माझे उत्तर आहे. मी साताऱ्यात राहते, २२ वर्षे सह्याद्रीत चालते आहे, आणि या काळात आठवणीची एक वस्तू मी हरवली व एक सांभाळली. जे सांगते आहे ते त्या दोन वस्तूंनीच शिकवलेले आहे.

आधी वजनाचे पाहू, कारण आपल्या मित्रांचा आक्षेप त्यावरच आहे आणि तो चुकीचा नाही. पाठीवरचे ओझे आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत राहावे, हा जुना आणि चांगला दंडक आहे. परदेशात महिनोन्‌महिने चालणाऱ्यांमध्ये तर अन्न, पाणी आणि इंधन वगळून सगळी सॅक साडेचार किलोच्या आत बसवणारी मंडळी आहेत, आणि ती टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून नेतात. पण अमेरिकेतली सुमारे ३,५०० किलोमीटरची अ‍ॅपलाचियन वाट पाच-सहा महिन्यांत पुरी करणाऱ्या अशा काटेकोर लोकांतही, उपयोगाची नसलेली पण मनाला हवी असलेली एखादी वस्तू जवळ बाळगण्याची रीत आहे. ११० ग्रॅम म्हणजे कपभर चहाचे वजन. तेवढ्याच वजनाची एखादी गोष्ट, बहुधा जास्तीचा टीशर्ट, बाहेर काढा आणि त्या जागी अस्वल ठेवा. मात्र वस्तू एकच असावी. मुलीचे अस्वल, आईने दिलेला अंगारा, मित्राने दिलेली किल्ल्यांची किचेन आणि शाळेतले पदक असे सगळे गोळा होऊ लागले, की त्यातल्या कशाचीच आठवण राहत नाही, नुसते सामान राहते.

आता हरवलेल्या वस्तूविषयी सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी जुलै महिन्यात पन्हाळा ते पावनखिंड या वाटेने गेले होते. निघताना अण्णांनी मनगटावरचे चावीचे घड्याळ काढून माझ्या हातात ठेवले. वेळ पाहण्यासाठी माझ्याकडे दुसरे घड्याळ होतेच, त्यामुळे ते कशासाठी दिले हे त्यांना सांगावे लागले नाही आणि मलाही विचारावे लागले नाही. ते सतत नजरेसमोर राहावे म्हणून मी ते सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला बाहेरून बांधले. मसाई पठारावर समोरचा माणूस दिसत नाही असा पाऊस होता, त्यानंतर झाडीतली वाट आणि चिखल. संध्याकाळी मुक्कामावर सॅक उतरवली तेव्हा घड्याळाच्या पट्ट्याचे बक्कल तेवढे दोऱ्यात अडकून राहिले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी दोन तास मागे चालत गेले, वाटेतल्या वाडीत विचारले, पण त्या चिखलात घड्याळ सापडणे शक्यच नव्हते. घरी आल्यावर अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या सकाळी एसटीची वेळ पाहायला त्यांनी सवयीने डावा हात उचलला, मोकळ्या मनगटाकडे एकदा पाहिले आणि हात खाली घेतला. ते मी आजही विसरलेले नाही.

त्यामुळे माझा पहिला आग्रह असा की, घरातल्या कोणाला रोज लागणारी वस्तू नेऊ नये. आपली मुलगी रात्री ते अस्वल जवळ घेऊन झोपत असेल, तर तिने कितीही मनापासून दिले असले तरी ते घरी ठेवा आणि त्या अस्वलाचे काहीतरी तिच्याकडून मागून घ्या: त्याच्या गळ्यातली फीत, मफलर, नाहीतर तिने स्वतः काढलेले त्याचे चित्र. मुले असा व्यवहार फार गंभीरपणे करतात, आणि अस्वलाने घरी थांबून आपली फीत बाबांबरोबर पाठवली ही गोष्ट तिला सहज पटेल. ते कपाटावर बसून राहणारे अस्वल असेल, तर काहीच अडचण नाही.

दुसरा आग्रह बांधण्याच्या जागेविषयी आहे. सॅकच्या बाहेर काहीही लोंबत असू नये. आपल्या वाटेवर कारवीचे रान आणि करवंदीच्या जाळ्या भरपूर लागतील. कारवीचा सोट गेलेल्या माणसामागे परत येतो तेव्हा लोंबणारी वस्तू ओढून नेतो आणि पाठीमागे काय झाले ते चालणाऱ्याला कळतही नाही. शिवाय कातळटप्प्यावर लोंबती वस्तू कपारीत अडकली तर तोल जाण्याचे भय असते. अस्वल झिपच्या प्लास्टिक पिशवीत हवा काढून बंद करा आणि सॅकच्या वरच्या कप्प्यात, दिवसातून एकदा तरी हात जाईल अशा ठिकाणी ठेवा. डिसेंबरात पाऊस नसला तरी कोयनेच्या खोऱ्यात पहाटे दव इतके पडते की उघड्यावरचे कापड पिळून काढावे लागते, आणि भिजलेले लोकरीचे खेळणे ११० ग्रॅमचे राहत नाही. ज्या पिशवीत शेंगदाणे, गूळ किंवा चिक्की असेल तिच्यात ते चुकूनही ठेवू नका, कारण देवळात मुक्काम केला की रात्री उंदीर वासावर येतात आणि त्यांना अस्वल व चिक्की यांतला भेद कळत नाही.

सांभाळलेली वस्तू म्हणजे एक पितळी घुंगूर आहे. आमच्या आजोबांच्या बैलाच्या गळ्यात घुंगूरमाळ असे आणि बेंदराच्या दिवशी ती चिंच लावून उजळली जाई. आजोबा गेल्यावर बैल विकले, माळेचे चामडे कुजले, घुंगरे भावंडांत वाटली गेली आणि एक माझ्याकडे आले. किराणा दुकानातल्या काट्यावर ते १८ ग्रॅम भरले. त्याची एक बाजू शेजारच्या घुंगरावर वर्षानुवर्षे घासून इतकी झिजली आहे की अंगठा तिथे नेमका बसतो, आणि सपाट झालेल्या त्या जागेवर पितळ फिकट दिसते. आत लोखंडी गोळी आहे. चालताना ती वाजत राहते व सोबत्यांना तासाभरातच त्रास होऊ लागतो, म्हणून मी घुंगराच्या फटीतून कापसाचा बोळा आत सारते आणि मुक्कामावर तो काढते. अण्णांच्या घड्याळानंतर मुद्दाम हीच वस्तू निवडली, कारण हे घुंगूर हरवले असते तर दुःख मला एकटीला झाले असते, आणि माळेतली बाकीची घुंगरे भावंडांकडे सुखरूप आहेत.

एका हिवाळ्यात आम्ही महाबळेश्वरहून मकरंदगडाकडे उतरलो आणि घोणसपूरच्या देवळात मुक्कामाला थांबलो. तो चालण्याचा सहावा दिवस होता. बारा दिवसांच्या भ्रमंतीत सहावा-सातवा दिवस हाच सर्वांत अवघड असतो, हे आपण आत्ताच लक्षात ठेवावे. पहिला उत्साह संपलेला असतो, शेवट अजून दिसत नसतो, टाचा सोललेल्या असतात आणि बरोबरची माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली असतात. आम्ही चौघे चार कोपऱ्यांत बसलो होतो. सॅकमधून टॉर्च काढताना घुंगूर फरशीवर पडले आणि घरंगळत दारापर्यंत गेले. दारात गावातले एक म्हातारे आजोबा बसले होते. त्यांनी ते उचलले, कानाजवळ नेऊन दोनदा हलवले आणि म्हणाले, "ह्ये बैलाचं हाय. वासराचं न्हवं, चांगल्या मोठ्या बैलाचं. कुठनं आनलंस बाई?" मी आजोबांचे आणि बैलांचे सांगितले. मग त्यांनी आपल्या बैलांचे सांगितले, मग गावातल्या कोणाकोणाच्या बैलांचे, आणि कोपऱ्यात बसलेले आमचे तिघे एकेक करून जवळ आले. जाताना त्यांनी घुंगूर माझ्या हातात दिले नाही. आधी धोतराच्या सोग्याने पुसले आणि मग दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघेही पुन्हा एकमेकांशी बोलत होतो. अशा वस्तूचा उपयोग काय, असे आपले मित्र विचारतील तेव्हा त्यांना सांगायला माझ्याकडे एवढेच आहे, आणि माझ्या मते ते पुरेसे आहे.

लोक हसतील, ही शंका आपण कंसात लिहिली आहे. २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनसिंग नोर्गे यांनी गोळ्या-चॉकलेटांबरोबर एक लहानशी पेन्सिल बर्फात पुरली, आणि ती त्यांच्या मुलीने, निमाने, वडिलांकडे दिलेली होती. त्याच वेळी हिलरी यांनी मोहिमेचे प्रमुख जॉन हंट यांनी दिलेला छोटा क्रूस तिथे ठेवला. त्याआधी १९२४ मध्ये जॉर्ज मॅलरी पत्नीचे छायाचित्र शिखरावर ठेवण्यासाठी घेऊन निघाले होते, असे त्यांच्या घरचे सांगत; १९९९ मध्ये त्यांचा देह सापडला तेव्हा खिशातल्या इतर वस्तू होत्या, ते छायाचित्र मात्र नव्हते. ज्यांना एकेका श्वासाचा हिशेब होता त्यांनी पेन्सिल आणि छायाचित्र ओझे मानले नाही.

आपल्याकडेही लांब चालणे आणि काहीतरी जपून नेणे ही एकच गोष्ट आहे. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर जी पालखी जाते तिच्यात माउलींच्या पादुका असतात, आणि आमच्या जिल्ह्यात प्रवेश करताना नीरा नदीत त्या पादुकांना स्नान घातले जाते. डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन लोणंद, तरडगाव, फलटण असे दिवसचे दिवस चालणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहते आहे. त्यांना कोणी त्या तुळशीचे वजन विचारत नाही. नर्मदेची परिक्रमा करणारे लोक आरंभी नर्मदेचे जल एका कुपीत भरून घेतात, अडीच हजार किलोमीटरहून अधिक वाट ती कुपी सांभाळतात, रोज तिची पूजा करतात आणि परिक्रमा पुरी झाल्यावर ते जल ओंकारेश्वराला वाहतात.

यावरूनच आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. काही वस्तू पोहोचवण्यासाठी असतात आणि काही परत आणण्यासाठी. स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रामार्गावर एका उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे आणि घरून आणलेला दगड त्याच्या पायथ्याशी ठेवण्याची प्रथा आहे. तिथे तो दगड ठेवायलाच नेलेला असतो. आपल्या मुलीने मात्र अस्वल विशाळगडाला दिलेले नाही, ते बाबांना सोबत म्हणून दिले आहे, आणि ज्याला सोबत म्हणून पाठवले ते बाबांबरोबर घरी येणार हे ती धरूनच चालली असणार. तेनसिंगांची पेन्सिल बर्फात गेली तो काळ आणि ती जागा वेगळी होती. आपल्या गडांवर ठेवलेली वस्तू चार दिवसांत माकडांच्या हाती लागते आणि पावसाळ्यानंतर तिचा चिंधी होऊन पडलेला कचरा कोणीतरी उचलतो. गडसफाईच्या वेळी अशा चिंध्या मी स्वतः गोळा केल्या आहेत. बाजारातली बहुतेक 'लोकर' अ‍ॅक्रिलिकची, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचीच असते आणि ती मातीत कुजत नाही. आपली वाट जिथे कोयना अभयारण्याच्या आणि चांदोलीच्या जंगलाच्या कडेने जाते तिथे तर वनखात्याची परवानगी घेऊनच जायचे आहे, आणि तिथे मागे काही ठेवून येणे मला अजिबात मान्य नाही.

निघण्याआधी एक करा. पूर्ण भरलेली सॅक घेऊन एखादा जवळचा गड चढा. मी साताऱ्यात अजिंक्यतारा चढते, आपण आपल्या गावाजवळचा निवडा. अस्वल ठरलेल्या कप्प्यात ठेवा आणि खाली आल्यावर डोळे मिटून हात घातला तर ते सापडते का पाहा. त्याच्या पोटाला आतून एक कापडी पट्टी शिवून तिच्यावर आपला फोन नंबर पक्क्या शाईने लिहा, म्हणजे पडलेच तर ज्या वाडीत मिळेल तिथून कोणी कळवू शकेल. कोणता कप्पा ते मुलीला दाखवून ठेवा, कारण रोज संध्याकाळी ते कुठे आहे हे ती विचारणारच. रेंज मिळेल तिथून फोटो पाठवा. डोंगराचा नाही पाठवला तरी चालेल, अस्वलाचा पाठवा.

बारा दिवसांनी त्याला धूर, घाम आणि माती यांचा वास येईल. घरी आल्यावर ते लगेच यंत्रात टाकू नका. आधी तिच्या हातात द्या आणि धुवायचे की नाही ते तिला विचारा.