तेलविहिरीत सर्फॅक्टंटच्या जोडीला अल्कली कशाला? नुसता सोडा चालणार नाही का?

नुसता सोडा, म्हणजे अल्कली, बहुधा पुरत नाही आणि नुसता सर्फॅक्टंट, म्हणजे तेल-पाण्यातील ताण उतरवणारे साबणासारखे रसायन, परवडत नाही, म्हणून खडकात अडकलेले तेल बाहेर काढायला दोन्ही पाण्यातून एकत्र सोडतात. कच्चे तेल आणि पाणी यांच्यातील आंतरपृष्ठीय ताण (दोघांच्या सीमेवरचा ताण) साधारण २० ते ३० मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, आणि खडकाच्या छिद्रात अडकलेला तेलाचा थेंब अरुंद तोंडातून बाहेर पडत नाही तो याच ताणामुळे. हा ताण ०.००१ च्या आसपास उतरला, तर पाण्याच्या नेहमीच्या दाबानेही थेंब लांबट होऊन निसटतो. सोडियम कार्बोनेटसारखी अल्कली तेलातील नॅफ्थेनिक आम्लांशी संयोग पावून जागच्या जागी साबण तयार करते; मात्र हा साबण कमी खारट पाण्यातच चांगले काम करतो, त्यामुळे अधिक खारट पाण्यात बाहेरून घातलेला सर्फॅक्टंट त्याला सांभाळून घेतो. शिवाय सामू वाढल्याने खडकाचा पृष्ठभाग अधिक ऋणभारित होतो व महागडा ऋणभारित सर्फॅक्टंट त्याला कमी चिकटतो; माझ्या मते खरी बचत इथेच आहे. नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमध्ये तेल तंत्रज्ञान शिकलो असल्याने एक अट आवर्जून सांगतो: पाणी मृदू हवे. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात साबणाला फेस न येता पांढरा साका धरतो, तो ज्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे, तेच तिथे साबण आणि कार्बोनेट दोन्हींना खाली बसवतात. तेलात आम्लेच नगण्य असतील, तर अल्कलीचा उपयोग सर्फॅक्टंट वाचवण्यापुरताच उरतो.